दर आठवड्याला शेवंती: दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसमध्ये बारमाही काढणी कशी बसवायची

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या आसपास दहा गुंठ्यांचे, म्हणजे साधारण 1000 चौरस मीटरचे, पॉलिहाऊस आहे. त्यात दांड्याची शेवंती एकाच वेळी लावली जाते, सगळी फुले दहा दिवसांत येतात, त्याच वेळी इतरांचीही आलेली असतात आणि भाव बसतो. लहान लहान रोपे दाट लावून, टप्प्याटप्प्याने, वर्षभर दर आठवड्याला ठरलेले दांडे काढता येतील का?

येतील. शेवंती हे त्यासाठी फार चांगले पीक आहे, कारण तिचे फूल कधी यायचे हे तिचे वय ठरवत नाही, रात्रीची लांबी ठरवते. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघांनी 1920 मध्ये दिवसाच्या लांबीचा आणि फुलण्याचा संबंध मांडला. नेदरलँड्समधले शेवंती उत्पादक बारा महिने फुले काढतात ती त्याच्याच जोरावर. पण तिथले वेळापत्रक जसेच्या तसे इथे उचलले तर फसते. का, ते आधी समजून घ्या.

शेवंतीला कळी धरायला दिवस साधारण साडेचौदा तासांहून लहान लागतो आणि धरलेली कळी नीट वाढायला साधारण साडेतेरा तासांहून लहान. पुण्यात जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान अकरा तासांचा. म्हणजे आपल्याकडे वर्षातला कुठलाही दिवस कळी रोखण्याइतका मोठा नसतो. रोप लावले आणि दिवे लावले नाहीत, तर ते मे महिन्यातसुद्धा वीतभर उंचीवरच कळी धरायला बसते. उन्हाळ्यात दिवस अधिक संधिप्रकाश मिळून चौदा तासांच्या आसपास जातो. तेव्हा कळी धरते पण पुढे सरकत नाही, अर्धवट राहते. शेंड्याला अरुंद पट्ट्यासारखी पाने घेऊन एक थोराड कळी बसते आणि खालून फांद्या फुटू लागतात. हे दिसले की अनेक जण खत वाढवतात. तिथे खताचा काही संबंध नाही. ती रोपे दिवसाच्या लांबीच्या कचाट्यात अडकलेली असतात.

म्हणून महाराष्ट्रात दोन गोष्टी लागतात: वाढीच्या काळात रात्री दिवे, तेही बाराही महिने; आणि फुलण्याच्या काळात काळे कापड, प्रामुख्याने मार्च ते ऑक्टोबर. बाकी सगळे आकडेमोडीचे काम आहे.

आकडेमोड आधी करू. 28 × 36 मीटरच्या घरात एक मीटर रुंदीचे बेड आणि अर्धा मीटर वाट धरली की 34 मीटर लांबीचे 18 बेड बसतात. त्यातले 12 बेड फुलांचे, 2 मातृझाडांचे (ज्यांचे कोवळे फुटवे, म्हणजे कटिंग, घेऊन रोपे करतात ती झाडे), 1 मुळे फुटवण्याच्या प्रोट्रेंसाठी (लहान खणांचे ट्रे) आणि 3 राखीव. राखीव बेड पाहून पहिल्यांदा हात शिवशिवतात, पण ते भरून टाकू नका. दसरा-दिवाळीची जादा लागवड, एखाद्या आठवड्यात आलेली मर, बेडचे निर्जंतुकीकरण लांबणे, हे सगळे त्या तीन बेडवर निभावते. बाराचे बारा आणि राखीव तीनही भरून चालवले तर पहिल्या अडचणीला साखळी तुटते, आणि तुटलेली साखळी जुळायला तीन महिने जातात.

एक बेड म्हणजे एक आठवडा. 12.5 × 12.5 सेंमी चौकटीची जाळी अंथरून प्रत्येक चौकटीत एक रोप लावले की चौरस मीटरला 64 रोपे होतात, म्हणजे बेडला 2176. एका रोपाचा एकच दांडा घ्यायचा, शेंडा खुडायचा नाही. खुडून तीन दांडे घेतले तर रोपे कमी लागतात हे खरे, पण पीक दोन-तीन आठवडे लांबते आणि दांडे कमी-अधिक जाडीचे येतात. आठवड्याच्या साखळीत सारखेपणा महत्त्वाचा, त्यामुळे लहान रोपे, दाट लागवड, एक दांडा. आठ-दहा टक्के घट धरली तर बेडमागे सुमारे 1950 ते 2000 विक्रीयोग्य दांडे मिळतात.

बेडचे बारा आठवडे असे जातात: लागवडीनंतर तीन आठवडे दिव्याखाली, मग आठ आठवडे लांब रात्री (दिवे बंद, गरजेप्रमाणे काळे कापड), आणि बाराव्या आठवड्यात काढणी, बेड उपटणे, मशागत, पाणी देऊन तयार करणे. ‘आठ आठवडे’ हा वाणाचा प्रतिसाद काळ आहे, म्हणजे लांब रात्री सुरू झाल्यापासून फूल काढणीला येईपर्यंतचा काळ. रोपवाटिकेकडून वाण घेताना हा आकडा आधी विचारा. सात ते नऊ आठवड्यांचे वाण भरपूर मिळतात. दहाच्या पुढचे वाण या साखळीत घेऊ नका. आणि एका बेडवर सात आठवड्यांचा व नऊ आठवड्यांचा वाण शेजारी लावू नका, कारण अर्धा बेड रिकामा आणि अर्धा भरलेला अशी अवस्था होते आणि तयारी करता येत नाही. तीन रंग हवे असतील तर एकाच प्रतिसाद गटातले निवडा.

आता सगळ्यात जास्त वेळ जिथे द्यायचा ती जागा: मातृझाडे. बारमाही काढणी फुलांच्या बेडवर बिघडलेली दिसते, पण बिघडलेली असते बहुतेक मातृझाडांत. दर आठवड्याला 2176 रोपे हवीत, मुळे फुटताना दहा टक्के गळतील, म्हणजे 2420 कटिंग हवीत. चौरस मीटरला 40 झाडे धरली तर दोन बेडवर 2720 मातृझाडे बसतात. ही सगळी एकदम लावायची नाहीत. अर्धा अर्धा बेड, असे चार गट करा, दर चार आठवड्यांनी एक गट नवा लावा, सोळा आठवड्यांचा झाला की उपटा. त्यामुळे कुठल्याही वेळी एक गट तयार होत असतो आणि तीन गट, म्हणजे सुमारे 2040 झाडे, कटिंग देत असतात. झाडामागे आठवड्याला सरासरी सव्वा कटिंग मिळते, त्यातून अडीच हजार भरतात. सोळा आठवड्यांनंतर त्याच झाडांवर लोभ ठेवू नये. झाड जून झाले की त्याची कटिंग कठीण होते, मुळे उशिरा धरते आणि अशी रोपे दिव्याखालीसुद्धा अकाली कळी धरतात. शेवंतीत ही खोड पक्की आहे: जुन्या, लांबलेल्या फुटव्याला पानांची संख्या पुरी झाली की तो रात्रीची वाट पाहत नाही.

मातृझाड लावल्यावर दहा-बारा दिवसांनी शेंडा खुडा. चार-पाच आठवड्यांनी पहिली कटिंग मिळतात. कटिंग 5 ते 6 सेंमी लांब, चार-पाच पानांची घ्या. चाकू वापरण्यापेक्षा बोटांनी मोडा. कट्कन मोडली तर वय बरोबर. वाकली, साल लोंबली तर फुटवा जून झाला आहे, तो टाकून द्या. बोटांनी मोडण्याचा दुसरा फायदा म्हणजे चाकूवरून एका झाडाचा विषाणू दुसऱ्याला लागत नाही. मोडताना झाडावर दोन पाने ठेवा म्हणजे पुढचे फुटवे तिथून येतील. फुटवे तयार आहेत पण या आठवड्यात गरज नाही, अशा वेळी ते झाडावर ठेवू नका. खुडून घ्या. छिद्रांच्या पॉलिथिन पिशवीत 2 ते 4 अंशांना कटिंग दोन-तीन आठवडे टिकतात. घरच्या फ्रिजमध्ये ठेवलीत तर मागच्या भिंतीला टेकू देऊ नका, तिथे गोठून काळी पडतात.

मातृझाडांवर दिवे रोज, बाराही महिने. त्यांनी एकही कळी दाखवता कामा नये. दाखवली तर त्या गटाची कटिंग वापरू नका.

संरक्षित वाणांबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. पैदासकारांच्या नोंदणीकृत वाणांची कटिंग करून रोपे विकणे करारात बसत नाही. मातृझाडे घेतानाच स्वतःच्या घरापुरत्या वाढीची परवानगी आणि रॉयल्टीचे काय, हे लेखी घ्या.

मुळे फुटवणे तुलनेने सोपे काम आहे. 98 खणांचे प्रोट्रे, धुतलेले कोकोपीट, कटिंगच्या बुडाला 1000 ते 1500 पीपीएम आयबीएची (मुळे फुटवणाऱ्या संप्रेरकाची) भुकटी. आठवड्याला 25 ट्रे, दोन आठवड्यांचे 50 ट्रे, जागा आठ चौरस मीटरच्या आत. पहिले चार-पाच दिवस पानांवर ओल टिकली पाहिजे, फॉगर दिवसा काही मिनिटांच्या अंतराने, रात्री बंद. सहाव्या दिवसापासून ओल कमी करत जा. दहा ते चौदा दिवसांत रोप ओढल्यावर कोकोपीटची गुठळी अखंड निघते, तेव्हा ते तयार. या ट्रेंवरही रात्रीचे दिवे हवेत. हेच सर्रास विसरले जाते: ट्रे एका कोपऱ्यात शेडनेटखाली, दिव्याविना पडतात, दोन आठवडे लांब रात्री मिळतात, आणि रोपे बेडवर जातात ती कळी धरूनच.

लागवडीच्या दिवशी रोपांची प्रतवारी करा. लहान रोपे बेडच्या दोन्ही कडांना, मोठी मध्ये. कडेला उजेड जास्त मिळतो, त्यामुळे लहान रोपे बरोबरीला येतात. उलटे लावले तर मधली लहान रोपे कायमची दबतात. गुठळीचा माथा मातीच्या पातळीत ठेवा. खोल दाबलेले रोप बुंध्याशी कुजते आणि दोष बुरशीनाशकावर जातो. पावसाळ्यात, जून ते ऑगस्ट, प्रत्येक ओळीतली एक चौकट रिकामी सोडा, म्हणजे घनता 64 वरून 56 वर येईल. आपल्याकडे उजेडाची खरी टंचाई हिवाळ्यात नसते, ढगाळ पावसाळ्यात असते. छपराच्या कागदावरची धूळ पावसाळ्याआधी धुऊन काढली नसेल तर ती आणखी वाढते.

आता दिवे. झाडाला रात्र मोठी वाटू नये म्हणून दिवस लांबवायची गरज नसते. रात्रीच्या मध्यावर उजेड पाडून तिचे दोन तुकडे केले की पुरते. रात्री दहा ते दोन, हिवाळ्यात पूर्ण चार तास, मे-जूनमध्ये तीन. शेंड्याच्या पातळीवर, दोन दिव्यांच्या मधल्या सर्वांत अंधाऱ्या जागी, किमान 100 लक्स उजेड पडला पाहिजे. 9 वॉटचे पिवळसर प्रकाशाचे एलईडी बल्ब दीड मीटर उंचीवर, दर दोन मीटरला एक, असे बेडला 17 लावले तर तो मिळतो. पांढऱ्या-निळसर बल्बपेक्षा पिवळसर किंवा लाल एलईडी घ्या, कारण पानातले जे रंगद्रव्य रात्र मोजते त्याला लाल प्रकाश कळतो. लक्समीटर घ्याच, स्वस्त मिळतो. डोळ्याच्या अंदाजावर दिवे लावलेल्या घरात कोपऱ्यातल्या दोन-तीन मीटरमध्ये कायम अकाली कळ्या दिसतात.

खर्च फार नाही. तीन वाढीचे बेड, दोन मातृझाडांचे आणि एक ट्रेंचा, असे सहा बेड म्हणजे 102 बल्ब, 918 वॉट, चार तासांचे पावणेचार युनिट. दहा मिनिटे चालू आणि वीस मिनिटे बंद असा टायमर लावला तर वीज एक तृतीयांश लागते आणि शेवंतीला तेवढ्यानेही रात्र तुटल्यासारखी वाटते. मात्र असा फिरता उजेड चालवायचा तर टायमर आणि वीजपुरवठा भरवशाचा हवा. शेतीच्या फीडरवर वीज पाळीने येते, म्हणून दिवे इन्व्हर्टरवर घ्या, ही चैन समजू नका. एक रात्र दिवे गेले तर सहसा निभावते. सलग तीन-चार रात्री गेले तर त्या बेडची कळी धरलीच असे समजा आणि तो बेड थेट काळ्या कापडाखाली घ्या. दांडे बुटके येतील, पण येतील. परत दिवे लावून उंची वाढवायला गेलात तर थोराड मधली कळी आणि खालून फुटलेल्या फांद्या, असे न विकणारे पीक हातात येते.

बेड क्रमाने लावा: पहिल्या आठवड्यात एक नंबर, दुसऱ्यात दोन नंबर. म्हणजे उजेडाखालचे तीन बेड नेहमी शेजारी शेजारी राहतात आणि उजेडाचा पट्टा दर आठवड्याला एक बेड पुढे सरकतो. बारा नंबरनंतर तो पुन्हा एकवर येतो. प्रत्येक बेडवर दिव्यांची ओळ हवीच, स्विच वेगळा. प्रत्येक वाटेवर आडवी तार बांधून ठेवा म्हणजे पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना उभा काळा पडदा सरकवता येतो. शेजारच्या बेडचा दिवा लांब रात्रीच्या बेडवर चुकार पडला तर तिथली फुले लांबतात. मातृझाडे आणि ट्रे घराच्या एका टोकाला, कायमच्या पडद्याआड.

काळे कापड हा उन्हाळ्यातला सगळ्यात अवघड भाग. प्लास्टिकचा काळा कागद घेऊ नका, आतून पाणी सुटते, कळ्यांवर ठिबकते आणि राखाडी बुरशी येते. विणलेले, हवा जाणारे कापड घ्या, वरून पांढरे किंवा चंदेरी मिळाले तर उत्तम. जाडी तपासायची पद्धत सोपी आहे: भर दुपारी कापड पांघरून आत जा, पाच मिनिटे डोळे सरावू द्या. वर्तमानपत्राचा मजकूर वाचता आला तर कापड विरळ आहे. शिवणीतून आणि कडेने उजेडाच्या रेघा दिसतील, त्या तिथल्या तिथे बंद करा. आतला उजेड 10 लक्सच्या खाली हवा.

रात्र तेरा तासांची. सरधोपट वेळ संध्याकाळी साडेसहा ते सकाळी साडेसात. पण एप्रिल-मेमध्ये साडेसहाला आत 36-38 अंश असते आणि त्यात कापड ओढले तर बेडची भट्टी होते. कळी धरण्याच्या दिवसांत रात्रीचे तापमान 16 ते 18 अंश सर्वांत चांगले. कापडाखाली ते तिशीच्या वर राहिले की कळी आठवडा-दोन आठवडे मागे पडते आणि आठ आठवड्यांचा वाण दहाव्या आठवड्यात फुलतो. त्यावर दोन उपाय करा. एक, वेळ पुढे सरकवा: साडेसात ते सकाळी साडेआठ. सकाळची हवा गार असते, तेव्हा झाकलेले चालते. दोन, बाहेर पूर्ण अंधार पडल्यावर, सव्वाआठच्या सुमारास, कापडाच्या बाजू वर उचला आणि पहाटे उजाडायच्या आधी, पाच वाजता, पुन्हा खाली सोडा. मध्ये उजेडाच्या पट्ट्याकडचा उभा पडदा नीट बंद असला पाहिजे. मजुरीचे काम आहे, पण एप्रिल ते जूनचा हंगाम यावरच तगतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात किंवा किनारपट्टीवर एवढे करूनही जमत नाही. तिथे मार्च ते जूनच्या काढणीचा हट्ट धरू नये, त्या महिन्यांत साखळी मुद्दाम थांबवावी.

लांब रात्रींच्या पहिल्या तीन आठवड्यांत एकही रात्र चुकवू नका. नंतर आठवड्यात एखादी रात्र कापड राहिले तर एखाद-दुसरा दिवस लांबते, इतकेच. कळीला रंग दिसू लागला की कापड थांबवा. नोव्हेंबर ते जानेवारी नैसर्गिक रात्र पुरते, पण आपल्याच दिव्यांपासून आणि रस्त्यावरच्या, शेजारच्या गोठ्याच्या दिव्यापासून बेड वाचवायचा असतो.

कळी धरली की नाही हे पाहायला कळी दिसेपर्यंत थांबू नका. लांब रात्री सुरू झाल्यावर चौदाव्या-पंधराव्या दिवशी बेडच्या चार ठिकाणचे शेंडे खुडा. सुईने एकेक कोवळे पान बाजूला करत आत जा आणि दहापट भिंगाखाली टोक बघा. वाढीतल्या शेंड्याचे टोक चपटे, बारीक आणि दोन बाजूंनी पानांच्या अंकुरांनी दाबलेले दिसते. कळी धरलेले टोक फुगून चकचकीत घुमटासारखे झालेले असते, भोवती बारीक खवले. एका कोपऱ्यात घुमट नसेल तर त्या कोपऱ्यात उजेड गळतो आहे. तेव्हाच कापड दुरुस्त केले तर त्या बेडचे फक्त दोन आठवडे वाया जातात, आणि मागून येणारे बेड वाचतात. डोळ्यांना कळी 25 ते 28 दिवसांनी दिसते.

दिव्यांचे तीन आठवडे हा आकडाही ताठ नाही. लांब रात्री सुरू करताना रोप 25 ते 30 सेंमी उंच हवे, कारण त्यानंतर ते साधारण अडीच-तीन पट होऊन थांबते आणि बाजाराला 70-80 सेंमीचा दांडा हवा. उन्हाळ्यात ही उंची अठरा-वीस दिवसांत येते, थंडीत चार आठवडे लागतात. म्हणून थंडीसाठी राखीव बेडपैकी एक साखळीत आणा आणि तेरा आठवड्यांचे चक्र चालवा. नगर-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत रात्र आठ-दहा अंशांवर येते, तिथे दुपारी चारलाच बाजूचे पडदे खाली सोडून दिवसाची ऊब आत धरा. रात्र 15 च्या खाली राहिली की कळी धरणे रेंगाळते आणि पांढऱ्या वाणाच्या पाकळ्यांवर गुलाबी झाक येते. अशा दांड्याला पांढऱ्याचा भाव मिळत नाही.

खताबाबत एवढेच पक्के ठरवा: नत्र सुरुवातीच्या सहा-सात आठवड्यांत. तेव्हा कमी पडलेले नंतर भरून निघत नाही, पाने लहान ती लहानच राहतात. एका लिटर पाण्यात कॅल्शियम नायट्रेट 0.5 ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट (13:0:45) 0.5 ग्रॅम, 0:52:34 (मोनो पोटॅशियम फॉस्फेट) 0.1 ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट 0.3 ग्रॅम आणि शिफारशीप्रमाणे सूक्ष्म अन्नद्रव्ये. यातून नत्र साधारण 140 पीपीएम बसते. कॅल्शियम नायट्रेटची टाकी वेगळी ठेवा. सल्फेट-फॉस्फेटसोबत एकाच टाकीत घट्ट द्रावण केले तर पांढरा साका बसतो आणि ड्रीपची भोके बुजतात. सामू 6 ते 6.5. बोअरच्या पाण्याची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षार किती ते) आधी मोजा. पाण्याचीच 0.8 च्या वर असेल तर खत त्या मानाने कमी. कळीला रंग आला की नत्र निम्म्यावर आणा, नाहीतर फुलदाणीत पाने आधी पिवळी पडतात. पाणी उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर, पहिले आठ-दहा दिवस झारीने, नंतर फक्त ड्रीपने, आणि नेहमी सकाळी.

सकाळी का, तर पांढऱ्या तांबेऱ्यामुळे. पानाच्या वर फिकट पिवळे, मसुराएवढे खळगे दिसले की पान उलटवा. खाली त्याच जागी आधी गुलाबीसर, मग पांढुरका फुगीर फोड असेल तर तो हाच. 17 ते 24 अंश आणि पानावर काही तास टिकलेली ओल मिळाली की तो पसरतो, म्हणजे आपला पावसाळा आणि हिवाळ्याच्या पहाटा. तशी पाने घरातच पिशवीत भरून बाहेर नेऊन जाळा. वाटेवर टाकू नका.

बारमाही लागवडीची खरी किंमत इथेच मोजावी लागते. एकदम लावलेल्या पिकात काढणीनंतर घर रिकामे होते आणि कीड उपाशी मरते. तुमच्या घरात मात्र प्रत्येक वयाचे झाड नेहमी हजर असणार, त्यामुळे फुलकिडे, नागअळी, कोळी, मावा यांना घर कधीच रिकामे मिळत नाही. म्हणून कामाचा क्रम ठरवून टाका: सकाळी पहिल्यांदा मातृझाडे, मग ट्रे, मग लहान बेड, शेवटी फुलांचे बेड. फुलांच्या बेडवरून आलेला माणूस त्या दिवशी मातृझाडांकडे जाणार नाही. फुलकिडे फुलांत वाढतात आणि कपड्यांवरून कोवळ्या शेंड्यांवर पोचतात. प्रत्येक बेडवर एक निळा, एक पिवळा चिकट सापळा, शेंड्याच्या वर वीतभर, दर आठवड्याला त्याच वारी मोजणी. आकडा दुप्पट झाला तर पानावर काही दिसत नसले तरी फवारणी. औषधांचे गट आलटून पालटून वापरा. एकच औषध बारा बेडवर फिरत राहिले तर काही महिन्यांत ते चालेनासे होते. काढणी झालेला बेड त्याच दिवशी मुळांसकट उपटून बाहेर न्या. चार दांडे राहिलेत म्हणून बेड आठवडाभर ठेवला, तर तिथे किडीची रोपवाटिका होते.

बेडची माती दर चक्राला पूर्ण निर्जंतुक करणे शक्य नसते. चांगले कुजलेले शेणखत आणि ट्रायकोडर्मा (रोगट बुरशी दाबणारी उपयुक्त बुरशी) दरवेळी द्या. दरवर्षी काही बेड पाळीपाळीने राखीव बेडच्या जागी सोडा, एप्रिल-मेमध्ये पारदर्शक कागदाखाली पाच-सहा आठवडे तापवा.

स्प्रे प्रकारात (एका दांड्यावर अनेक फुले) मधली कळी वाटाण्याएवढी झाली की खुडा, म्हणजे बाजूच्या कळ्या एका पातळीवर उमलतात. एकफुली दांड्यात उलट, मधली ठेवून बाजूच्या सगळ्या काढा. उशीर केला तर देठावर जखमा राहतात. आधाराची जाळी आठवड्यातून एकदा वर सरकवा, नेहमी उंचीच्या दोन तृतीयांशावर. काढणी स्प्रेची दोन-चार फुले पूर्ण उमलल्यावर, एकफुलीची फूल तीन चतुर्थांश उमलल्यावर. जमिनीपासून पाच-सात सेंमी वर कापा. खालचा लाकडी भाग आला तर दांडा पाणी ओढत नाही. खालच्या तिसऱ्या हिश्शाची पाने काढून लगेच स्वच्छ पाण्यात ठेवा.

सणाच्या तारखेपासून मागे मोजत जा. 2026 चा दसरा 20 ऑक्टोबरला आहे. गुलटेकडी किंवा दादरच्या बाजारासाठी 17 ऑक्टोबरला काढणी हवी, तर लांब रात्री 22 ऑगस्टला, लागवड 1 ऑगस्टला आणि कटिंग 18 जुलैला ट्रेमध्ये. त्या आठवड्यात दोन बेड लावायचे तर पावसाळ्याच्या 56 च्या घनतेनेही सुमारे 4230 कटिंग एकदम हवीत. मातृझाडे तेवढी देणार नाहीत, म्हणून जुलैच्या सुरुवातीपासून जादा फुटवे खुडून थंड ठेवा, किंवा जूनच्या सुरुवातीला मातृझाडांचा एक जादा गट राखीव बेडवर लावा.

सुरुवात करताना पहिले फूल मातृझाडे लावल्यापासून साधारण अठरा आठवड्यांनी येईल, तेवढ्या दिवसांचे भांडवल धरा. पहिले वर्ष दर आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी एक बेड लावा, एकाच पांढऱ्या आणि एकाच पिवळ्या वाणाचा. मातृझाडेही निम्मीच ठेवा. प्रत्येक बेडच्या टोकाला पाटी लावा: कटिंगची तारीख, लागवड, लांब रात्रीची सुरुवात, शेंड्याच्या तपासणीचा निकाल, पहिली आणि शेवटची काढणी. वर्षभराच्या या पाट्यांवरून तुमच्या घरात कुठल्या महिन्यात किती दिवस जास्त लागतात हे कळेल, आणि आठवड्याचे चक्र त्याच आकड्यांवर बसवा.